वाणी कोणाची, हुकूम कोणाचा

देव आजही बोलतो, याविषयी आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना संशय असावा. संशय आहे तो आपल्या मनात दिवसभर उमटणाऱ्या नाना विचारांपैकी नेमका कोणता त्याचा, याविषयी. पाळकांकडे, वडीलधाऱ्यांकडे आणि आमच्यासारख्या लेखणी चालवणाऱ्यांकडे या बाबतीत जे प्रश्न पुनःपुन्हा येतात ते तपशिलात भिन्न असले तरी त्यांचे ढोबळ वर्ग तीनच पडतात. पहिला वर्ग, ज्यांच्यापुढे नोकरी, विवाह, स्थलांतर असा काही निर्णय उभा आहे आणि ज्यांना त्यात देवाची संमती हवी आहे, त्यांचा. दुसरा, ज्यांच्याकडे तिसऱ्याच कोणी येऊन “देवाने मला तुमच्याविषयी असे दाखवले” असा निरोप दिला आहे आणि जे त्या निरोपाने गोंधळले, क्वचित भ्यालेही आहेत, त्यांचा. तिसरा, ज्यांनी वर्षानुवर्षे प्रार्थना केली आणि ज्यांना काहीच ऐकू आले नाही, त्यांचा. हे लोक सहसा पत्र लिहीत नाहीत, उपासना संपून मंडळी पांगल्यावर हळूच विचारतात.

वाणी कानाला ऐकू येते की केवळ अंतःकरणाला, हा वाद पंडितांवर सोपवून, निर्णय घेणाऱ्या सामान्य भाविकाला जेवढे लागते तेवढेच पुढे मांडले आहे.

आधी थकबाकी पाहा

नवा हुकूम मागण्यासाठी देवाच्या दारी उभे राहणाऱ्याने, यापूर्वी निघालेल्या हुकमांची तामिली झाली आहे की नाही, हे प्रथम तपासावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. येथे प्रार्थनेत मनात येणारी आठवण हीच वाणी आहे आणि तिचा अर्थ लावण्यासाठी कोणत्याही दृष्टांताची गरज नाही. योहानाच्या 7 व्या अध्यायातला क्रमही असाच आहे: जो त्याच्या इच्छेप्रमाणे करण्यास राजी आहे, त्याला शिकवणीचे मूळ कळेल. आम्ही सारे हा क्रम उलटा धरून बसतो. आधी पूर्ण उलगडा होऊ दे, मग करू, असे म्हणतो, आणि उलगडा होत नाही म्हणून तक्रार करतो.

पुढील बाबींत देवाची इच्छा काय, हा प्रश्न मुळी शिल्लकच नाही:

- कामकऱ्याचा पगार. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी राहू देऊ नये, हे लेवीयच्या 19 व्या अध्यायातले फर्मान आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार 1 तारखेचा 8 तारखेवर आणि 8 चा “पुढच्या सोमवारी ये” यावर ढकलणाऱ्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात दशमांशाचे पाकीट मात्र वेळेवर भरून ठेवलेले असते. अशा घराने देवाच्या वाणीची वाट पाहू नये. ती 8 तारखेपासून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी आहे.
- बोलणे बंद असलेला नातलग. शेताच्या बांधावरून किंवा वडिलांच्या घराच्या वाटणीवरून कोर्टात दावा चालू असला तरी बोलणे चालू ठेवता येते. दावा मागे घ्याच, असे आमचे म्हणणे नाही. न्याय्य हक्क सोडणे आणि वैर सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.
- वृद्ध आईबाप. देवाला अर्पण केले, असे म्हणून आईबापांच्या पोषणाचा पैसा अडवणाऱ्यांवर प्रभूने मार्काच्या 7 व्या अध्यायात जितके कठोर शब्द वापरले तितके त्याने फार थोड्या ठिकाणी वापरले आहेत. सेवाकार्यात पूर्णवेळ उतरू पाहणाऱ्यांनी हा अध्याय अगोदर वाचावा. ज्यांचे मन शास्त्राने वळत नाही त्यांच्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही आहे.

ही यादी प्रत्येकाने आपापल्या परीने वाढवावी. कित्येकांचा मोठा प्रश्न ही थकबाकी फेडता फेडताच सुटतो, कारण तो प्रश्न मुळात निर्णयाचा नसून पळवाटेचा असतो.

ऐकण्याची बैठक

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील 3 ऱ्या अध्यायाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेत ऐकलेली असते. परंतु तिच्यातली एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. तीन वेळा हाक येऊनही त्या मुलाला ती परमेश्वराची आहे हे कळले नाही, तथापि तिन्ही वेळा तो अंथरुणातून उठून म्हाताऱ्या एलीकडे धावत गेला. ओळख नंतर पटली. उठण्याची सवय आधीची होती. आणि ओळख पटवून दिली ती ज्याची दृष्टी मंदावली होती, ज्याचे स्वतःचे घर बिघडले होते आणि ज्याच्याविरुद्धच तो संदेश होता, अशा वृद्धाने. मार्गदर्शक निर्दोष मिळेपर्यंत थांबू नका, एवढे तरी यावरून घ्यावे.

दररोज ठरावीक वेळ, मग ती वीस मिनिटांची का असेना, आणि ठरावीक जागा असावी. चाळीत वा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकांत मिळणे कठीण. अशांनी पहाटे पाणी येण्यापूर्वीची वेळ धरावी किंवा कचेरीच्या वाटेवरच्या एखाद्या उघड्या प्रार्थनामंदिरात बसावे. वाचन क्रमाने असावे. एक पुस्तक हाती घेऊन ते आरंभापासून शेवटपर्यंत थोडे थोडे वाचणारा मनुष्य आपल्याला न आवडणाऱ्या वचनांपाशीही येऊन पोहोचतो. जो मनात येईल तेथे ग्रंथ उघडतो, तो बहुधा आपल्याच मनापाशी परततो.

यावर इ.स. 386 मध्ये मिलान येथील बागेत ऑगस्टीनने असाच ग्रंथ उघडला नव्हता काय, असे कोणी विचारील. उघडला होता; परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे तो ज्या व्यसनाशी झगडत होता ते सोडण्याचा आदेश त्याला रोमकरांस पत्रात मिळाला, कोणते घर विकत घ्यावे हा सल्ला नव्हे. नववर्षाच्या रात्रीच्या उपासनेत वाटली जाणारी वचनाची चिठ्ठीही याच दृष्टीने घ्यावी. ती आश्वासन म्हणून वर्षभर पाकिटात बाळगावी. तिच्यावरून मुलीचे लग्न मोडू नये.

रात्री झोपण्यापूर्वीची दुसरी बैठक आम्ही पहिलीइतकीच आवश्यक मानतो. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून लोयोलाच्या गढीत पडून राहिलेल्या इग्नेशियसला एक गोष्ट ध्यानात आली. शौर्याची आणि दरबारी स्त्रियांची स्वप्ने रंगवताना मोठी गोडी वाटे, पण ती सरल्यावर मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचून जे विचार येत त्यांची प्रसन्नता मात्र ते विचार सरल्यावरही टिके. या निरीक्षणावर त्याने पुढे साधनेची एक सबंध पद्धती उभी केली, जिचे पुस्तक 1548 मध्ये छापले गेले. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यास उतरला, तेव्हापासून ही रीत आपल्या किनाऱ्यावरही आहे. आमच्या प्रॉटेस्टंट वाचकांनी तिला बिचकण्याचे कारण नाही. कोणत्याही मंडळीच्या मनुष्याला रात्री दिवसाचा हिशेब तपासता येतो.

त्यासाठी एक साधी वही करावी. काय लिहावे, याचा नमुना म्हणून रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या परिचारिकेची नोंद अशी कल्पावी: “मंगळवार. सकाळी नोकरी सोडावी असे अतिशय तीव्रतेने वाटले, देवच सांगतो आहे असे वाटले. रात्री झोप नाही, मेट्रनशी बोलाचाली. दुपारी चार तास झोप. उठल्यावर तो विचार पार फिका.” आणि त्याच वहीत दोन पानांनंतर: “प्रार्थनेत मावशीचे नाव आले. शनिवारी आले होते, आजही. घाई नाही, पण जात नाही.” या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर, कोणत्या विचाराकडे लक्ष द्यावे हे सांगण्यास कोणी गुरू लागत नाही. विचारासोबत शरीराची अवस्था, म्हणजे झोप, ताप, उपवास, भांडण, अवश्य टिपावी. वाणीची म्हणून जी तीव्रता वाटते तिचा बराचसा भाग पुष्कळदा अपुऱ्या झोपेच्या खाती जमा करावा लागतो.

मोठा निर्णय समोर असता

हीच परिचारिका पुढे घेऊ. मिरजेस नोकरी आहे, आखाती देशातून बोलावणे आले आहे, घरी विधवा आई आहे आणि धाकट्या भावाचे शिक्षण अर्धवट आहे. “देवा, मी काय करू?” या रूपातला प्रश्न प्रार्थनेत कितीही आर्त असला तरी उत्तर घेण्याच्या दृष्टीने निरुपयोगी, त्याला आकार द्यावा लागतो.

1. प्रश्न एका वाक्यात लिहा, असा की त्याला होय वा नाही हे उत्तर देता येईल, आणि त्याखाली उत्तराची मुदत लिहा. “दोन वर्षांच्या करारावर जावे काय? 15 तारखेपर्यंत कळवायचे आहे.”

2. स्वतःची इच्छा उघड मांडा. जाण्याची ओढ आहे, हे कबूल केल्याने ओढ पापमय ठरत नाही. ती लपवली तर मात्र तीच देवाचा आवाज काढून बोलू लागते. पगार किती, कर्ज किती, घरातल्या कटकटींतून सुटका हवी आहे काय, हे सारे लिहावे.

3. माहिती गोळा करा. हे काम अध्यात्माबाहेरचे आहे असे समजून पुष्कळ भाविक टाळतात आणि मग फसवणूक झाल्यावर परीक्षा आली असे म्हणतात. 1983 च्या कायद्यान्वये परदेशी भरती करणाऱ्या दलालाने सरकारी नोंदणीपत्र घेतलेले असले पाहिजे; ते पाहण्यास मागावे. कराराची प्रत आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

4. दोन्ही बाजू जगून पाहा. तीन दिवस, जायचे ठरलेच आहे, असे धरून उठावे, बसावे, प्रार्थना करावी. पुढचे तीन दिवस, राहायचे ठरले, असे धरून. दोन्ही वेळा रात्री वहीत लिहावे. पहिल्या दिवसाचा उत्साह किंवा पहिल्या दिवसाची भीती विचारात घेऊ नये. तिसऱ्या दिवशी जे उरते ते घ्यावे.

5. दोघातिघांशी बोला, आणि त्यांपैकी किमान एकाचा तुमच्या निर्णयात कसलाही लाभ वा तोटा नसावा. क्वेकर पंथीयांत एक सुंदर शिरस्ता आहे: निर्णयाच्या तिढ्यात सापडलेल्या सभासदाभोवती काही विश्वासू माणसे बसतात, बराच वेळ मौन पाळतात आणि मग केवळ प्रश्न विचारतात, सल्ला देण्याची त्यांना मनाई असते. आपल्याकडे सल्ला न देता तासभर बसू शकणारी माणसे सापडणे दुर्मिळ, तरी शोधावीत.

6. खिन्नतेत निर्णय फिरवू नका. मन प्रसन्न व शांत असताना जे ठरवले ते मन अंधारून आल्यावर बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम आम्हाला साऱ्या नियमांत अधिक उपयोगी वाटतो. अंधार सरू द्यावा, मग हवे तर पुन्हा पाहावे.

पौलाला त्रोवस येथे रात्री मासेदोनियाचा मनुष्य दृष्टांतात दिसला, त्याची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात आहे. तीत, त्यापूर्वी दोन ठिकाणचे मार्ग बंद झाले होते, आणि दृष्टांतानंतरही सोबत्यांनी मिळून त्याचे अनुमान काढले, ही वाक्ये लक्ष देऊन वाचावीत. 15 व्या अध्यायातली यरुशलेमची सभा तर याहून बोधप्रद. तेथे पुष्कळ वादविवाद झाला, प्रत्यक्ष अनुभवांच्या साक्षी झाल्या, शास्त्राचा आधार काढण्यात आला, आणि मग पवित्र आत्म्याला व आम्हांला असे योग्य वाटले, या अर्थाचे पत्र लिहून धाडण्यात आले. आत्म्याचा निर्णय वादविवादाच्या पोटातून आला. वादविवाद टाळून नव्हे.

चिन्ह मागावे काय?

फारसे मागू नये. गिदोनाने लोकर पसरून दोनदा चिन्ह मागितले, हे शास्त्यांच्या 6 व्या अध्यायात खरे. परंतु त्याला हुकूम त्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत मिळाला होता, आणि दुसऱ्यांदा मागताना तो देवाचा राग होऊ नये म्हणून विनवीत होता, हेही तेथेच लिहिले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, पण त्याआधी पात्रतेची अट घालून दोनच नावे शिल्लक ठेवण्यात आली होती, आणि पेन्टेकॉस्टनंतर त्या ग्रंथात कोणी चिठ्ठी टाकलेली आढळत नाही. कोकणात देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावून कौल घेणाऱ्या शेजाऱ्यांना हसणारे आमचे काही बंधू, “अमुक वाजेपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा” असे ठरवून घड्याळाकडे पाहत बसतात, तेव्हा ते त्या शेजाऱ्यांच्या नेमके कोणत्या बाजूला उभे असतात, हे आम्हाला कळलेले नाही. शेजाऱ्याच्या बाजूला निदान गावचा गुरव आणि शंभर वर्षांची रीत तरी असते.

“देवाने मला तुमच्याविषयी सांगितले”

या शब्दांनी आरंभ होणाऱ्या निरोपाने जितकी घरे अस्वस्थ झाली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने झाली असतील, म्हणून येथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे.

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 13 वा अध्याय प्रत्येक विश्वासणाऱ्याने एकदा तरी काळजीपूर्वक वाचावा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला, तेथे भाकरी खाऊ नको, पाणी पिऊ नको, अशी स्पष्ट आज्ञा होती. बेथेलचा एक वृद्ध संदेष्टा त्याच्याकडे येऊन म्हणाला की मलाही देवदूताने सांगितले आहे, तू परत चल आणि जेव. तो खोटे बोलत होता. पाहुणा मात्र त्याच्या वयाला आणि पदाला मान देऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर प्राणास मुकला. शिक्षा खोटे बोलणाऱ्याला व्हायला हवी होती, असे वाचणाऱ्याला वाटते, आणि ते साहजिक आहे. पण ग्रंथकाराचा रोख निराळा आहे. आपल्याला जे स्पष्ट कळले होते ते दुसऱ्याच्या दाव्यावरून सोडून देणाऱ्याची सुटका, समोरचा वयाने व अधिकाराने मोठा होता, या सबबीवर होत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने आपले हातपाय बांधून दाखवले आणि यरुशलेमेत त्याची अशी गत होईल असे भाकीत केले. तेथली मंडळी रडू लागली, जाऊ नका म्हणून गळ घालू लागली. भाकीत खरे होते, गळ घालणाऱ्यांचे प्रेम खरे होते, आणि तरीही पौल गेला. कारण भाकिताने संकट दाखवले होते, मार्ग बदलण्याचा हुकूम दिला नव्हता, तो हुकूम ऐकणाऱ्यांनी आपल्या पदरचा जोडला होता. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक निरोपात हे दोन भाग वेगळे काढा: दिसले काय, आणि त्यावरून करायचे काय. पहिला भाग त्यांचा असेल, दुसरा तुमचाच आहे.

अशा प्रसंगी तुमचे हक्क कोणते, हे स्पष्ट सांगतो:

- मुदत मागण्याचा. “मी प्रार्थना करून, घरी बोलून कळवतो” एवढे उत्तर पुरे आहे. ज्या निरोपाला दोन आठवडे धीर धरवत नाही, तो संशयास्पद समजावा.
- निरोप तारखेसह लिहून मागण्याचा. अनुवादाच्या 18 व्या अध्यायात संदेष्ट्याचे बोलणे घडते की नाही यावर त्याची परीक्षा ठेवली आहे, आणि परीक्षेला लेख लागतो. लिहून मागताच निम्मे निरोप परत घेतले जातात.
- पैसा, दागिने, जमीन, विवाह आणि औषधोपचार या पाच बाबतींत निरोपावरून काहीही न करण्याचा, आणि निरोप्याला एक पैसाही न देण्याचा.
- सभेतून उठून जाण्याचा. सर्वांसमक्ष पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून, तुमच्या घरातली गोष्ट जाहीर करण्याची परवानगी तुम्ही कोणाला दिलेली नसते.

धमकी असेल तर गोष्ट निराळी. महाराष्ट्रात 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती आहे असे भासवून लोकांत भीती निर्माण करणे किंवा सल्ला न मानल्यास वाईट होईल अशी धमकी देणे, याचा समावेश आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची आणि दंडाची आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. प्रार्थना, उपासना, प्रवचन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, त्यामुळे तक्रार केल्याने धर्माची अवहेलना होईल हे भय मनात आणू नये. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने दिले आहे, आणि ते आपल्याच मंडळीतल्या दडपणाविरुद्धही आपले आहे.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टर जेराल्डिनना त्या आईसमान मानीत, त्यांच्याशीच पुढे पत्रांतून त्यांचा दीर्घ वाद झाला. देवाचे आज्ञापालन आणि चर्चमधील वरिष्ठांच्या मताचे आज्ञापालन या एकच गोष्टी नव्हेत, आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी आहे, ही रमाबाईंची भूमिका त्या पत्रांत कोठेही ढळत नाही. नाते तुटले नाही आणि शरणचिठ्ठीही लिहून दिली गेली नाही. ज्या आमच्या भगिनींना, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना नाही म्हटले तर देवाला नाही म्हटल्यासारखे होईल काय, असा प्रश्न पडतो, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

औषध, उपवास आणि कानांना येणारे आवाज

प्रार्थना चालू ठेवावी, औषधही चालू ठेवावे. इन्सुलिन, फेफऱ्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाची निदान सहा महिन्यांची औषधे, ही कोणत्याही वाणीवरून, स्वतःच्या असो वा परक्याच्या, डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत; क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग त्या औषधाला दाद देईनासा होतो. मधुमेही व गर्भवती यांनी उपवास करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कानांना प्रत्यक्ष शब्द ऐकू येत असतील, विशेषतः ते शिव्या देत असतील, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्यास सांगत असतील, किंवा त्यांच्यासोबत रात्रीमागून रात्री झोप उडाली असेल, तर पाळकांना भेटावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांनाही भेटावे. 14416 हा सरकारी मानसिक आरोग्य साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. हा आजार असला तर त्याला उपचार आहेत. घरच्या माणसांनी रोग्याला भूत लागले म्हणून मारहाण करणे किंवा कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते प्रार्थनेच्या नावाने का असेना.

हुकूम ऐकणाऱ्यावर, खर्च कोणावर?

8 मे 1933 रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात 21 दिवसांचे उपोषण आरंभले, ते अंतर्वाणी ऐकल्यामुळे, असे त्यांनी स्वतः जाहीर केले होते. जवळच्या माणसांनी विरोध केला. वाणीचा पुरावा आपल्यापाशी नाही, हे त्यांनी मान्य केले. त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडले, आणि उपोषण पुण्यातच पर्णकुटी बंगल्यात पुरे झाले. त्यांचे म्हणणे कोणाला पटो वा न पटो, एक गोष्ट येथे शिकण्यासारखी आहे: त्या वाणीने उपाशी राहायला सांगितले ते ऐकणाऱ्याला. ज्या वाणीचा हुकूम ऐकणाऱ्यावर पडत नाही, शेजाऱ्यावर, सुनेवर, मंडळीच्या खजिनदारावर पडतो, तिची रुजवात दुप्पट कसून घालावी.

मात्र आज्ञापालनाचा सारा खर्च ऐकणाराच सोसतो, असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झाला. त्यांच्या श्रद्धेच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेत नाही. त्यानंतरची ताटातुटीची वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी काढली, हे “स्मृतिचित्रे” वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या स्वतः 1900 साली ख्रिस्ती झाल्या, परंतु त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळी आल्या. विवाहित वाचकांना आमचे सांगणे एवढेच की नोकरी सोडणे, घर विकणे, दूरच्या गावी सेवेस जाणे असा हुकूम आपल्याला झाला आहे असे वाटल्यास तो जोडीदाराला कळण्याची वेळ, तो अमलात आणण्याच्या पुष्कळ आधीची असावी, आणि जोडीदाराची हरकत हा देवाविरुद्धचा बंडावा न समजता त्याच वाणीच्या रुजवातीचा एक भाग समजावा. मुलांच्या फीचे काय, हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे.

हुकूम खरा ठरला म्हणजे मग काम सुरू होते, आणि ते बहुधा नीरस असते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ मुली व विधवा आणाव्यात अशी प्रेरणा रमाबाईंना झाली. ज्यांनी स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावले होते त्यांना ती व्हावी, यात आश्चर्य नाही. परंतु प्रेरणेनंतर त्या मुलींना जेवायला घालायचे होते, आणि प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर तंबू, मग विहिरी, मग इमारती, विणकाम, छापखाना अशी एकेक तजवीज करावी लागली. प्रेरणेची हकिकत कोणाला सांगायची झाली तर दोन मिनिटांत सांगून होते. धान्याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. तुम्हाला झालेला हुकूम पुढच्या सोमवारी सकाळी नेमके कोणते काम मागतो, हे लिहून काढता येत नसेल, तर तो अजून पुरता ऐकलेला नाही, असे समजून पुन्हा बैठकीला बसावे.

काहीच ऐकू येत नसेल तर

शमुवेलाच्या त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत, त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मिळ झाले होते, असे नमूद आहे. म्हणजे ही अवस्था शास्त्राला अपरिचित नाही, आणि ती पापाचीच खूण आहे असे तेथे म्हटलेले नाही. एस्तेरच्या हिब्रू ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही. मर्दखय एस्तेरला निरोप धाडतो, त्यात दृष्टांत नाही, वाणी नाही; आपले लोक मरणार आहेत, तू राजवाड्यात आहेस, कदाचित याच वेळेसाठी असशील, एवढाच तर्क आहे. तिने तीन दिवस उपास केला, सर्वांना करायला लावला आणि उत्तर न येताच राजापुढे गेली.

तेव्हा ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी उपासना सोडू नये, शेवटी जे स्पष्ट कळले होते तेच करीत राहावे, आणि मुदतीच्या आत निर्णय घेणे भाग असेल तर उपलब्ध माहिती, शास्त्राची सामान्य शिकवण व दोघा शहाण्या माणसांचे मत यांवर तो निःशंकपणे घ्यावा. असा निर्णय कमी दर्जाचा, आणि स्वप्नात दिसलेला वरच्या दर्जाचा, अशी प्रतवारी आम्हाला शास्त्रात कोठे आढळलेली नाही. निर्णय पुढे चुकीचा ठरला, तर मत्तयाच्या 21 व्या अध्यायातला पहिला मुलगा, जो आधी नाही म्हणाला आणि मग द्राक्षमळ्यात गेला, त्याचा मार्ग अद्याप खुला आहे. त्या मुलाला बापाने उशिराचे कारण विचारल्याचे लिहिलेले नाही.

वही दर तीन महिन्यांनी काढून वाचावी. जे विचार दोनदाच आले आणि गेले, त्यांवर रेघ मारावी. जे नाव, जे काम, जी माफी प्रत्येक महिन्याच्या पानांवर पुनःपुन्हा दिसते, तिच्यासमोर या आठवड्यातला एक वार लिहावा, आणि त्या वारी जाण्यासाठी बसची वेळ आजच पाहून ठेवावी.